‘स्टार वॉर्स’चा बारा फिगरचा सेट: कोकणात घ्यायचा तर कार्ड फोडूनच

रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या पात्रांच्या बाहुल्यांचा, म्हणजे फिगरचा, हा सेट घ्यायचा असेल तर लूज, म्हणजे कार्डाविना सुट्या फिगर घ्या, नाहीतर सीलबंद घेऊन घरी आणल्याबरोबर कार्ड फोडा. कार्ड म्हणजे प्लास्टिकच्या फुग्यातली फिगर ज्यावर चिकटवलेली असते तो छापील पुठ्ठा. संग्राहकांच्या जगात असं बोलणं म्हणजे पाप. पण इथल्या हवेत चार पावसाळे काढलेलं कार्ड ज्याने हातात धरलंय त्याला हे पटवावं लागत नाही. प्लास्टिक टिकतं, पुठ्ठा टिकत नाही. आणि सीलबंद फिगरला जो जादा भाव मागतात तो त्या पुठ्ठ्याचाच असतो.

सेट म्हणजे हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने २०१७ साली ब्लॅक सीरिज या आपल्या मालिकेत काढलेल्या सहा इंची बारा फिगर. सिनेमा २५ मे १९७७ चा, त्याची चाळिशी म्हणून हा घाट. बाराच का, तर केनर या अमेरिकी कंपनीने १९७८ साली काढलेल्या पहिल्या फिगर बाराच होत्या: ल्यूक, लेया, हान सोलो, चुबाका, बेन केनोबी, डार्थ व्हेडर, स्टॉर्मट्रूपर, सी-थ्री-पी-ओ, आर-टू-डी-टू, जावा, सँड पीपल आणि डेथ स्क्वॉड कमांडर. नव्या सेटने तीच पात्रं आणि तशीच दिसणारी कार्डं घेतली. व्हेडर वेगळ्या, मोठ्या पॅकमध्ये येतो आणि त्यात सगळ्यांना उभं करायला स्टँड आहे.

या स्टँडमागे एक जुनी गंमत आहे. १९७७ च्या नाताळात सिनेमा धो धो चालत होता आणि केनरची खेळणी तयारच नव्हती. मग कंपनीने जवळजवळ रिकामं पाकीट विकलं: आत पुठ्ठ्याचा देखावा आणि एक कुपन. कुपन भरून पाठवलं की पुढच्या वर्षी चार फिगर टपालाने घरी. मखर आत्ता न्या, गणपती मागाहून येईल, तसला प्रकार. २०१७ चा स्टँड ही त्याच मखराची आठवण.

हा इतिहास माहीत असला की एक नेहमीची फसवणूक टळते. कार्ड जुन्यासारखं दिसतं, त्यामुळे फोटोत ‘ओरिजिनल सत्त्याहत्तरचा पीस’ म्हणून ते खपवता येतं. मूळ केनर फिगर पावणेचार इंची, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटरची. मान, दोन खांदे, दोन मांड्या एवढंच हलतं. गुडघा नाही, कोपर नाही. पायामागे बारीक अक्षरांत ‘जीएमएफजीआय १९७७’ असा ठसा असतो. जनरल मिल्स फन ग्रुपचा तो, कारण केनर तेव्हा जनरल मिल्सच्या मालकीची होती. ब्लॅक सीरिजची फिगर पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, आणि कोपर, गुडघा, घोटा, कंबर सगळं वळतं. विकणाऱ्याकडून शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो मागवा. पट्टी ठेवायला टाळाटाळ झाली तर तिथेच व्यवहार थांबवा.

सहा इंच हे नावापुरतं. खरं माप एकास बारा. सिनेमातला चुबाका, म्हणजे पीटर मेह्यू, सात फूट तीन इंच. त्याला बाराने भागलं की साडेअठरा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. लेया झालेली कॅरी फिशर पाच फूट एक इंच, म्हणजे तेरा. आर-टू नऊच्या आसपास. हे आकडे मनोरंजनासाठी नाहीत. कपाटाच्या कप्प्यात निदान २२ सेंटिमीटर मोकळी उंची लागते. २० च्या कप्प्यात स्टँडवर चढवलेल्या चुबाकाचं डोकं वर टेकतं. बाराही जण सहा-सहाच्या दोन रांगांत मांडायचे तर ६० सेंटिमीटर रुंदी आणि २५ खोली धरा, आणि मागच्या रांगेखाली पाच सेंटिमीटर उंचीचा पाट सरकवा; मग कप्प्याची उंचीही तेवढी जास्त लागते. नाहीतर मागची रांग असून नसल्यासारखी. जावा आणि आर-टू कायम पुढे.

आता चेहरे. सेटचे इथे सरळ दोन भाग पडतात: तोंड असलेले आणि मुखवटा असलेले. कोकणात गावोगाव गणपतीच्या शाळा आहेत, त्यामुळे आखणी काय चीज असते ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही. मूर्ती कितीही सुबक असो, डोळ्याची रेघ अर्धा केस सरकली की देव रुसलेला दिसतो. ल्यूक, हान, लेया आणि बेन यांचं तसंच आहे. चेहऱ्यावर फोटोसारखी छपाई करण्याचं तंत्र या मालिकेत नंतर आलं. या सेटचे चेहरे त्याआधीच्या रंगकामाचे आहेत, आणि असलं रंगकाम एका नगात छान तर दुसऱ्यात तिरळं निघतं. म्हणून या चौघांचा ‘असाच पीस मिळेल’ म्हणून दुसऱ्याच नगाचा फोटो दाखवला तर घेऊ नये. प्रत्यक्ष मिळणाऱ्या नगाचा, समोरून, उजेडात काढलेला फोटोच बघावा: दोन्ही बुबुळं एका रेषेत आहेत का, भुवईचा रंग केसाच्या कडेला लागलाय का, ओठ ओठाच्याच जागी आहेत का. मुखवटेवाल्यांना ही भानगड नाही. व्हेडर आणि स्टॉर्मट्रूपर साच्यावर उभे आहेत, रंगावर नाहीत.

बिघडलेला डोळा दुरुस्त होतो, पण गणपतीच्या शाळेतल्या रंगाने नाही. मातीवर बसणारा पोस्टर कलर प्लास्टिकवर पापुद्रे धरून निघतो. चेहरा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा, ट्रिपल झीरो नंबरचा ब्रश आणि पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. आधी पांढरं झाका, ते पुरतं सुकू द्या, मग बुबुळ, शेवटी मॅट वॉर्निशचा एक हलका हात. गावातला आखणी करणारा कलाकार हे काम तुमच्यापेक्षा दहापट चांगलं करेल, फक्त त्याला चतुर्थीनंतर गाठा. आधीच्या दोन महिन्यांत तो तुम्हाला दारात उभं करणार नाही. पुढेमागे फिगर विकायचा विचार असेल तर मात्र ब्रश लावू नका. दुरुस्त चेहऱ्याला भाव नाही.

सांध्यांबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण नव्या माणसाच्या हातून फिगर मोडते ती इथेच. बरीच वर्षं बंद राहिलेल्या फिगरचे गुडघे आणि मनगटं रंगाने चिकटलेली असतात. जोर लावला की आतली खुंटी पिळवटून तुटते आणि तिचा तुकडा भोकातच राहतो. सांधा हलत नाही असं वाटलं की थांबा. केस वाळवायचा ड्रायर पंधरा सेंटिमीटरवरून वीस-तीस सेकंद फिरवा आणि मग पुढे-मागे, अगदी थोडं थोडं हलवा. एका दिशेने गोल फिरवू नका. तुटलीच तर दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचं भोक पाडून तारेचा तुकडा बसवता येतो. तार पितळेची. लोखंडी तार खाऱ्या वाऱ्यात गंजून फुगते आणि सांधा आतून फोडते. फिगरच्या मूळ खुंट्या प्लास्टिकच्या असल्यामुळे त्यांना गंजाची भीती नाही, हा या सेटचा इथल्या हवेतला मोठा गुण.

सैल सांध्याचा इलाज वेगळा. गोळीच्या सांध्यावर, म्हणजे मान, खांदा, मांडी इथे, पाण्याच्या बेसचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वॉर्निश एक पातळ थर द्या, फिगर सुटी करून रात्रभर ठेवा, सकाळी जोडा. पुरलं नाही तर दुसरा थर. झटपट चिकटणारा गोंद वापरायचा सल्ला बरेच जण देतात. तो एकदा आत उतरला की सांधा कायमचा दगड, शिवाय दमट हवेत आजूबाजूला पांढरा धूर बसल्यासारखी छटा येते. नेलपॉलिशही नको, त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिक खातं.

एप्रिल-मे मध्ये बंद काचेच्या कपाटात दुपारी चांगलंच तापतं आणि मऊ प्लास्टिकचे पाय हळूहळू वाकतात. एकजण कलला की त्याच्या पुढची अख्खी रांग पडते. तलवारीची पाती आणि बंदुकांच्या नळ्या तर कार्डातच वाकलेल्या येतात. यावर गरम पाण्याचा उपाय बिनखर्ची आणि पक्का. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद करा. उकळतं पाणी नको. वाकलेला भाग तीस ते साठ सेकंद बुडवा, बाहेर काढून हवा तसा सरळ धरा आणि धरूनच बर्फाच्या पाण्यात घाला. मिनिटभर तसाच. हात मधेच सोडला तर प्लास्टिक परत जुन्या वळणावर जातं. कापडी झगे आधी उतरवा. बंदूक मुठीत बसवतानाही हेच करा: मूठ कोमट पाण्यात धरून मऊ करा, मग बंदूक घाला. थंड मुठीत कोंबली की घोड्याभोवतीची बारीक कडी तुटते, आणि तुटलेली सुटी बंदूक शोधणं म्हणजे वाळूत मोहरी शोधणं. फिगर पडू नये म्हणून पायाच्या भोकात खुंटी जाणारा स्टँड वापरा. चिकट पुटी लावू नका, तिचं तेल उष्णतेत तळव्यात उतरतं.

आणि आता ते कार्ड. मिरगाचा पाऊस सुरू झाला की किनाऱ्यावरची हवा आठवडेच्या आठवडे ओली राहते. कार्डाची पुढची बाजू छपाई आणि वॉर्निशने झाकलेली, मागची त्या मानाने उघडी. मागून ओल शोषली जाते, तो थर फुगतो, पुढचा फुगत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखं वाकतं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत ते परत उलटं येतं. दरवर्षी ही ओढाताण चालू, आणि मधे बसलेला प्लास्टिकचा फुगा काही वाकत नाही. मग त्याच्या कडेचा डिंक सुटतो, सुटताना छपाईचा पापुद्रा घेऊनच सुटतो. कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की कार्ड गेलं. त्यानंतर मागे बुरशीचे ठिपके, डिंकाला लागलेली कसर आणि टांगायच्या भोकापाशी झुरळांची घाण, हे सगळं ओघानेच येतं. बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नसते. त्याने ती पसरते. सावलीत वाळवून मऊ कोरड्या ब्रशने झटकायची, तीही घराबाहेर.

तरीही एखादं सीलबंद ठेवायचंच असेल तर अ‍ॅक्रिलिकची केस घ्या, पण बंद करायची ती जानेवारी-फेब्रुवारीत. जुलैत बंद केलेली केस म्हणजे जुलै आत कोंडून ठेवलेला. आगोटीला घरात जशी बेगमी करतात, सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं डब्यात बंद करतात, तशीच कार्डंही पावसाआधी हवाबंद डब्यात गेली पाहिजेत. वीस लिटरच्या डब्याला दोनशे ते अडीचशे ग्रॅम सिलिका जेल लागतं. औषधाच्या बाटलीतल्या एक ग्रॅमच्या पुड्या चार टाकून काही होत नाही. रंग बदलणारे नारिंगी मणी घ्या. ते हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरता येतात. डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्क्यांत आकडा राहिला की झालं. त्याखाली फार नेऊ नका, पुठ्ठा कडक होऊन कडांना फुटतो.

लूज फिगरचं कपाट जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, टेकवून ठेवू नका. जांभा पाणी पितो आणि पावसाळाभर सोडत राहतो. मधे चार बोटं जागा ठेवा. भिंतीतलं जुनं फडताळ दिसायला झकास, पण या कामाला सगळ्यात वाईट. कपाटाच्या बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. ऊनही थेट नको: स्टॉर्मट्रूपर, आर-टू आणि लेया ही पांढरी मंडळी उन्हाने पिवळी पडतात, आणि पिवळेपण घालवायचे जे रासायनिक उपाय सांगतात ते रंगवलेले भागही खातात. पिवळा झालेला स्टॉर्मट्रूपर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका.

ज्यांना कापडी झगे आहेत त्यांची काळजी वेगळी. दमट हवेत गडद कापडाचा रंग खालच्या फिकट प्लास्टिकवर उतरतो आणि मग निघत नाही. पावसाळ्याचे चार महिने झगा उतरवून वेगळा ठेवा, किंवा मधे पांढऱ्या टिश्यूची घडी सरकवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. फिगर हाताला चिकट लागायला लागली तर घाबरू नका. मऊ प्लास्टिकमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, पृष्ठभागावर आलेलं असतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ दातब्रश, मग पंख्याखाली वाळवणं. थिनर, अ‍ॅसिटोन, रॉकेल यांतलं काहीही लावू नका. सी-थ्री-पी-ओची सोनेरी चकाकी तर ब्रशनेही घासू नका. ओलसर सुती फडकं पुरे.

खरेदीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर काहीही मागवू नका. पार्सल तालुक्याच्या ठिकाणी ओल्या गोदामात चार दिवस पडलं तर आतली कार्डं घरी येण्याआधीच वाकतात. मे मध्येही नको, तापलेल्या टेम्पोत पाती वाकतात. विकणाऱ्याला दोन खोके वापरायला सांगा, आणि प्लास्टिकची पिशवी आतल्या खोक्याभोवती, बाहेरच्या नव्हे. खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा. फोटो मागवताना चार गोष्टी: तळवे आणि मांडीमागचे कोरीव ठसे, दोन्ही हात, सगळी हत्यारं एका रांगेत, आणि कार्ड असेल तर फुग्याची कड अगदी जवळून. फोडून पुन्हा चिकटवलेल्या कार्डावर कडेला डिंकाची चमक किंवा पुठ्ठ्याचे पांढरे तंतू दिसतात. नकली मालाचा ठसा पुसट असतो किंवा नसतोच, साच्याची शिवण बोटाला लागते आणि उघडताच रॉकेलसारखा भपकारा येतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. आयएसआय चिन्ह नाही म्हणून हा सेट नकली ठरत नाही. खेळण्यांना ते चिन्ह सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून, आणि हा माल २०१७ चा. नवीन सहा इंची फिगर एवढ्या महाग का, याचं एक उत्तरही सरकारदरबारी आहे: आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे जुन्या सेटचे भावही वर ओढले गेले.

पूर्ण बारा घेण्याचा हट्ट धरू नये. पूर्ण सेट म्हणून जे जादा मागतात ते त्या शेवटच्या तीन-चार फिगरचे असतात, आणि त्याच सगळ्यात कमी बघितल्या जातात. व्हेडर स्टँडसकट, स्टॉर्मट्रूपर, चुबाका आणि आर-टू, हे चौघे डोळे मिटून घ्यावेत. सी-थ्री-पी-ओ उभा करून बघायला सुंदर. कोपरं-गुडघे फार वळतील अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका, सिनेमातही तो तसाच ताठ चालतो. जावा छोटा पण देखणा. हान आणि लेया चेहरा बघूनच. ल्यूक तर दहा चेहरे बघून. डेथ स्क्वॉड कमांडर म्हणजे काळा गणवेश आणि भलंमोठं शिरस्त्राण. बुरशीचा पांढरा ठिपका त्याच्यावर सगळ्यात आधी दिसतो, म्हणजे कपाटातली ओल ओळखायला चांगला.

सीलबंद आणलंत तर फोडताना कार्ड फाडू नका. नव्या ब्लेडने फुग्याची खालची आणि दोन्ही बाजूंची कड कापा, वरची राहू द्या. फुगा झाकणासारखा उघडतो, फिगर बाहेर येते आणि पुन्हा आत ठेवताही येते. ब्लेड प्लास्टिकवर चालवा, पुठ्ठ्यावर नाही. फिगर कपाटात गेली की कार्डं सपाट, मधे एकेक ट्रेसिंग पेपर घालून, त्याच सिलिका जेलच्या डब्यात तळाशी ठेवा. वर वजन म्हणून पाठ्यपुस्तकाएवढी सपाट फळी पुरते.